व्होजलादच्या जिवाणूचं बारसं

ज्या गोष्टीला नाव नाही तिच्याशी भांडता येत नाही, हे राज्यकारभाराचं पहिलं तत्त्व आहे. शेजाऱ्याला नाव असतं म्हणून त्याच्यावर खटला भरता येतो. वाऱ्याला नाव असतं म्हणून कौलं उडाली की त्याचा नावानिशी उद्धार करता येतो. (फ्रान्सच्या त्या दक्षिण कोपऱ्यात वाऱ्याला बत्तीस नावं आहेत. त्यांतली एकोणतीस एकाच वाऱ्याची आहेत आणि तो एकाही नावाला ओ देत नाही.) रोगाची अडचण अशी, की तो आधी येतो आणि त्याचं नाव मागाहून येतं. मधल्या काळात शेतकऱ्याने काय करावं, याबद्दल शास्त्राने आजवर आदरणीय मौन पाळलेलं आहे.

व्होजलाद गावच्या खरबुजांना त्या वर्षी जो रोग लागला तो असाच बिननावाचा होता. वसंत ओला गेला होता. मे महिन्यात पानांवर तेलाचे थेंब सांडल्यासारखे डाग उठले, मग ते तपकिरी झाले, त्यांना पिवळी किनार आली आणि जून उजाडेपर्यंत फळांनी खपल्या धरल्या. नाव नसल्यामुळे गावकरी त्याला नुसतं 'ते' म्हणत. "तुझ्याकडे 'ते' आलं का रे?" असं कॅफेत कुणी विचारलं की ज्याच्याकडे आलं असेल तो "छे!" म्हणायचा, आणि ज्याच्याकडे आलं नसेल तोही "छे!" म्हणायचा, पण जरा मोठ्याने. एवढ्या फरकावरून कुणाच्या किती रांगा गेल्या ते सगळ्यांना अचूक कळत असे.

गावचे सरपंच फिर्मां एस्ताशी हे पिढीजात खरबूजवाले. त्यांचं पोट, डोकं आणि आवाज ही तिन्ही गोल होती. सणावाराला ते छातीवरून तिरंगी पट्टा आडवा घालीत आणि उरलेले दिवस घालावासा वाटतोय असे दिसत. व्होजलादचं खरबूज म्हणजे काय, हे ठरवण्याचा अधिकार मात्र सरपंचांनाही नव्हता. तो 'खरबूज बंधुमंडळा'चा. या मंडळाचे सभासद केशरी झगा आणि खरबुजाच्या आकाराची हिरवी टोपी घालतात, पोर्ट दारूच्या पेल्यावर हात ठेवून शपथ घेतात आणि त्यांनी हुंगल्या, जोखल्या, कापल्या नि चाखल्याशिवाय कोणतंही फळ स्वतःला व्होजलादचं म्हणवू शकत नाही. मंडळाचे महागुरू बार्नाबे हे सरपंचांचे सख्खे मेहुणे. त्यांनी उभ्या आयुष्यात जितकी खरबुजं चाखली ती एकापुढे एक मांडली तर पॅरिसपर्यंत पोचतील असं म्हणतात. (मांडून पाहिलेली नाहीत. पॅरिसला काही पाठवायची व्होजलादची इच्छा नसते.)

शेवटी जिल्ह्याच्या वनस्पतिरोग प्रयोगशाळेतून डॉ. सोलांज रबूलां आल्या. शिडशिडीत, उन्हाने रापलेल्या, गळ्यात भिंग. त्यांनी आजारी पानं पाकिटांत घातली, "बघते" म्हणाल्या आणि गेल्या. काही आठवड्यांनी त्या परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. वनस्पतींचा वैद्य आनंदात दिसला की शेतकऱ्याने खुर्चीला धरून बसावं, हा अनुभवाचा नियम आहे.

"अभिनंदन, सरपंच!" त्या म्हणाल्या. "नवाच निघाला."

"कोण नवा?"

"तुमचा जिवाणू. जगात कुणाकडेच नाही. आम्ही त्याची वंशावळ काढली. नातेवाईक आहेत, पण लांबचे. लग्नाला बोलवलं नाही तरी चालेल असे."

याचं शास्त्र असं आहे : सापडलेला जिवाणू आणि त्याचा सगळ्यांत जवळचा ज्ञात नातलग यांची जनुकं ताडून पाहतात. साम्य शंभरात पंच्याण्णवांच्या खाली भरलं की प्रजाती नवी. (आपला भाऊ आपल्या प्रजातीचाच नाही, असा दावा वाटणीच्या वेळी व्होजलादमध्ये अनेकांनी केला आहे, पण इतक्या पद्धतशीरपणे नाही.)

"मग आता नाव काय ठेवणार?" सरपंचांनी सौजन्यापोटी विचारलं.

"जिथे सापडला त्या गावाचं ठेवायची चाल आहे. व्होजलादेन्सिस. म्हणजे व्होजलादचा."

सरपंचांचा गोल आवाज चपटा झाला. "थांबा हं, बाई. म्हणजे जगात कुठेही, कुणाचंही खरबूज सडलं, की लोक आमच्या गावाचं नाव घेणार?"

"लोक नाही हो, शास्त्रज्ञ."

"किती असतील?"

"खरबुजाच्या जिवाणूंवर काम करणारे? असतील चाळीसेक. पण एकमेकांचं वाचणारे अकरा."

"अकरा!" सरपंच ओरडले. "अकरा जणांत गावाची बेअब्रू!"

त्याच संध्याकाळी ग्रामसभेची तातडीची बैठक भरली. सदर जिवाणू हा व्होजलादचा रहिवासी नाही, असा ठराव पुढील कारणांसह मांडण्यात आला : एक, त्याने गावात राहायला आल्याची वर्दी कचेरीत दिलेली नाही. दोन, तो ढगातून आला असून ढग उत्तरेकडून आले होते आणि उत्तरेकडून आजवर चांगलं काहीही आलेलं नाही. तीन, तो डोळ्यांना दिसत नाही. व्होजलादचा माणूस कुठेही असला तरी दिसतो आणि ऐकूही येतो. ठराव एकमताने संमत झाला. एक सभासद झोपले होते, परंतु प्रथेप्रमाणे झोप ही अनुकूल धरली जाते.

डॉ. सोलांज यांनी ठराव शांतपणे ऐकून घेतला.

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. "तोच जिवाणू मला नदीपलीकडेही मिळालाय, पेरोलाकला. तिथल्या सरपंचांना विचारलं. ते म्हणाले, आमचं नाव द्या, आनंदच आहे."

सभागृहात इतकी शांतता पसरली की झोपलेले सभासद जागे झाले.

पेरोलाकबद्दल एवढंच सांगणं पुरे, की तिथे आगगाडी थांबते. व्होजलादला ती नुसती शिट्टी वाजवते. शिवाय पेरोलाकच्या वेशीवरच्या गोल चौकात दोन माणसं उंचीचं सिमेंटचं खरबूज बसवलेलं आहे, आणि त्याची फोड कापलेली बाजू मुद्दाम व्होजलादकडे केलेली आहे. तिथले सरपंच गोंत्रां साबातिये आणि आपले फिर्मां एकाच वर्गात होते. गोंत्रां तेव्हाही पुढच्या बाकावर बसत.

फिर्मां घरी पोचतात तोच फोन वाजला.

"फिर्मां, लेका, ऐकलंस ना?" गोंत्रांचा आवाज लोण्यासारखा होता. "चौकातल्या खरबुजाखाली पाटी करायला टाकलीय. 'जगप्रसिद्ध जिवाणूचं जन्मगाव'. तुझी काही हरकत नाही ना? तुम्ही तर ठराव करून नको म्हणालात असं कानावर आलं."

"आम्हाला रोगाबिगाचा सोस नाही," सरपंच म्हणाले.

"ते खरंच. पेलायला गाव मोठं लागतं. वहिनींना नमस्कार सांग."

वहिनी, म्हणजे सरपंचांची बायको झुल्मा, शेंगा सोलत हे ऐकत होती. तिने शेंग मोडली.

"सडकी खरबुजं कुणाची?" ती म्हणाली.

"आपली."

"पानं कुणाची खुडून नेली बाईंनी?"

"आपली."

"आणि नाव त्या पुढच्या बाकवाल्याचं! वा, सरपंचसाहेब. पट्टा घालून झोपत जा तू, म्हणजे निदान स्वप्नात तरी कुणी विचारेल."

दुसऱ्याच दिवशी ग्रामसभेची त्याहून तातडीची बैठक झाली. आदल्या ठरावातलं 'नाही' हे पद गाळून उरलेला ठराव कायम करण्यात आला. कारणंही थोड्या दुरुस्तीने तीच राहिली : जिवाणूने वर्दी दिलेली नाही, कारण तो इथलाच आहे आणि घरच्या माणसाने वर्दी द्यायची नसते. ढग उत्तरेकडून आले हे खरं, पण ते रिकामे आले आणि इथून भरून गेले. तो दिसत नाही, हा तर विनय. शाळेच्या जुन्या हेडमास्तरांनी उठून सांगितलं, की रोमन सैन्य या वाटेने गेलं तेव्हा त्यांचीही खरबुजं इथेच सडली असणार; याला पुरावा नाही, पण विरुद्ध पुरावाही नाही. टाळ्या झाल्या.

परंतु शास्त्र टाळ्यांवर चालत नाही. डॉ. सोलांज यांनी चार अटी सांगितल्या. जिवाणू आजारी झाडात सापडला पाहिजे. तो वेगळा काढून काचेच्या बशीत वाढवता आला पाहिजे. बशीतला जिवाणू निरोगी झाडाला टोचल्यावर तोच रोग उठला पाहिजे. आणि त्या नव्या आजारी झाडातून पुन्हा तोच जिवाणू हाती लागला पाहिजे. पहिल्या दोन झाल्या होत्या. उरलेल्या दोनांसाठी सरपंचांनी गावाचं काचघर मोकळं करून दिलं, त्यातली जिरॅनियमची फुलं स्मशानभूमीत हलवली (तिथून एकही तक्रार आली नाही) आणि खरबुजांच्या कुंड्या मांडल्या. बाईंनी अर्ध्या कुंड्यांतल्या फळांना नि पानांना जिवाणू टोचला आणि अर्ध्यांना नुसतं पाणी. चूक होऊ नये म्हणून जिवाणूवाल्या फळांच्या देठांना लाल फीत बांधली.

इथे एक बारीक गोष्ट राहून गेली. बाई शहरातल्या. व्होजलादमध्ये देठाला लाल फीत बांधलेलं खरबूज म्हणजे काय, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ते खरबूज अंतिम फेरीत आलेलं असतं.

जुलैतल्या संतदिनाला बंधुमंडळ पूर्ण पोशाखात मिरवत निघालं. काचघरावरून जाताना महागुरू बार्नाबेंना आत लाल फितींची रांग दिसली. इतकी फळं अंतिम फेरीत आणि आपल्याला पत्ता नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. पण कर्तव्यापुढे रुसवा त्यांनी कधी आणला नव्हता. डॉ. सोलांज आल्या तेव्हा काचघरात केशरी झगे बसले होते आणि हनुवट्या पुसत होते.

"हे काय केलंत?" बाईंच्या गळ्यातलं भिंग हेलकावत होतं. "पुरावा खाल्लात!"

"खाल्ला नाही, बाई," बार्नाबे दुखावून म्हणाले. "परीक्षण केलं. खाणं वेगळं, त्याला हॅम लागतं."

"अहो, ती आजारी होती! डाग दिसले नाहीत?"

"दिसले ना. आम्ही त्याचे गुण दिले."

"निदान वेली? वेली कुठायत?"

"शेळ्यांना घातल्या. परीक्षणानंतर जागा स्वच्छ करायची, असा आमचा दंडक आहे."

मंडळाने रीतसर शेरेही लिहून ठेवले होते. 'गर : बसका, पण विचारी. गंध : पावसात भिजलेल्या देवळाच्या पायरीचा. चव : प्रथम गोड, मग शंका, शेवटी किंचित शोक. फळाला चारित्र्य आहे.' सर्वांत जास्त जिवाणू टोचलेल्या फळाला सुवर्णपदक मिळालं होतं. पाण्याच्या टोचणीचं एक निरोगी फळही तुलनेसाठी चाखलं होतं. त्यापुढे 'सामान्य' एवढंच लिहिलं होतं. (परीक्षकांपैकी कुणालाही काही झालं नाही. हा जिवाणू माणसाला ओळख देत नाही.)

आता प्रयोग पुन्हा करायचा तर जिवाणू हवा. आणि प्रयोगशाळेतल्या व्होजलादच्या बशीवर त्याच आठवड्यात बुरशी चढली होती. (ती बुरशी कुठल्या गावची, हे कुणी विचारलं नाही. प्रत्येकाचं नशीब.) पेरोलाकची बशी मात्र ठणठणीत होती.

"मला व्होजलादचं एक ताजं आजारी पान आणून द्या," बाई म्हणाल्या. "एकच पुरे. नाही मिळालं तर मी पेरोलाकच्या बशीवर काम पुरं करीन. आणि हे सगळं महिनाअखेरच्या आत."

"अखेरच्या आत का? रोग काय पळून जातोय?"

"रोग नाही, सरपंच. मी जातेय. दहा दिवसांनी ऑगस्ट."

यावर वाद शक्य नव्हता. त्या देशात ऑगस्टमध्ये कोर्टं थांबतात, नळ दुरुस्त होत नाहीत, भांडलेली नवरा-बायको घटस्फोट सप्टेंबरवर ढकलून एकत्र समुद्रावर जातात. ऑगस्टमध्ये एखादी प्रजाती शोधून काढणं हे बेकायदा नसलं तरी असभ्य मानलं जातं.

सरपंच धावत सुटले. आणि इथे निसर्गाने हात दाखवला. जो वारा एकोणतीस नावांपैकी एकालाही ओ देत नाही, तो कुणीही न बोलावता आठवडाभर घोंघावत होता. पानं कोरडी खडखडीत झाली. ज्या वेली आजारी होत्या त्या वाळून कोळ झाल्या होत्या आणि ज्या जगल्या होत्या त्या निर्लज्जासारख्या हिरव्यागार होत्या. कालपर्यंत "छे!" म्हणणारं गाव आज कॅफेत छाती काढून बोलत होतं. "माझ्याकडे परवापर्यंत होतं, सगळा उतार भरून!" "तुझं काय घेऊन बसलास, आमच्याकडे सगळ्यांत आधी आलं." सरपंच विचारायचे, "आता आहे का?" मग माना खाली जायच्या. आपलं पीक बरं झालं, हे सांगायला प्रत्येकाला लाज वाटत होती.

सरपंचांकडे जिवंत म्हणावी अशी एकच रांग उरली होती : घरामागची, सुरूच्या झाडांच्या आडोशाची, झुल्माने स्वतः लावलेली. तिच्यातली फळं इतकी सुरेख होती की सरपंचांना त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी ती रांग आजारी पाडायला घेतली. वारा लागू नये म्हणून दोन्ही बाजूंनी चादरी टांगल्या. ज्या फवाऱ्याने पाणी द्यायचं नाही असं स्वतःच उन्हाळाभर सांगत फिरले होते, त्याच फवाऱ्याने सकाळ-संध्याकाळ पानं वरून भिजवली. शेजारच्या मेलेल्या रांगेतला पाचोळा आणून वेलींवर असा अलगद पसरला, की जणू शाल पांघरतायत. मग तिपाई घेऊन शेजारी बसले.

झुल्मा खिडकीतून म्हणाली, "फिर्मां, मला न्यूमोनिया झाला होता आठवतंय?"

"हं."

"तेव्हा तू शिकारीला गेला होतास."

"हं."

"नाही, काही नाही. चालू दे तुझं." मग थोड्या वेळाने, "डाव्या कडेची चादर सुटलीय बघ. वारा लागेल त्याला."

गोंत्रां यांचा फोन रोज येत होता. "काय म्हणतात तुझी खरबुजं? ऐकलं की एकदम धडधाकट आहेत म्हणे. वाईट वाटलं रे. कधीतरी होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस. आमच्याकडे आज आणखी चार पानांवर आलंय, देवाची कृपा." सरपंचांनी त्या दिवशी जेवणानंतरचं चीज घेतलं नाही. महायुद्धानंतर त्या घरात असं प्रथमच घडत होतं.

महिना संपता संपता, कॉफीच्या वेळेला, सरपंच मागल्या अंगणातून असे ओरडले की झुल्माच्या हातातला वाडगा पडला. ती धावत गेली. सरपंच मातीत गुडघे टेकून बसले होते. खालच्या एका पानावर मसुराएवढा डाग होता, तेलकट, ओला, कडेला पिवळी किनार धरू लागलेला.

"आला गं," ते म्हणाले. "आपल्याकडे आला."

झुल्माने डाग पाहिला, नवऱ्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि मग आपल्या सुरेख रांगेकडे एकदाच बघून पदराने नव्हे, एप्रनने डोळे टिपले. ते आनंदाश्रू होते असं ग्रामसभेच्या इतिवृत्तात नमूद आहे.

डॉ. सोलांज आल्या तेव्हा त्यांच्या गाडीच्या टपावर छत्री आणि रबरी नाव बांधलेली होती आणि आत बसलेला नवरा भोंगा वाजवत होता. त्यांनी भिंगातून पाहिलं, पान पाकिटात घातलं, "छान पिकलाय" म्हणाल्या, आधी प्रयोगशाळेकडे गेल्या आणि तिथून समुद्राकडे. सप्टेंबरात चारही अटी पुऱ्या झाल्या. या वेळी काचघराला कुलूप होतं आणि फितींचा रंग पांढरा होता. जिवाणूचा एकेक नमुना रिवाजाप्रमाणे दोन वेगवेगळ्या देशांच्या संग्रहांत ठेवला गेला, म्हणजे एका देशात युद्ध झालं तरी खरबूज सडवण्याची मानवजातीची क्षमता अबाधित राहील. आणि पुढच्या वसंतात नाव छापून आलं : व्होजलादेन्सिस. अकरा जणांनी वाचलं.

बारसं जूनमध्ये झालं. बंधुमंडळाने जिवाणूला सन्माननीय बंधू करून घ्यायचं ठरवलं. मोहोरबंद काचेची बशी मखमली उशीवर आली. झगा बसेना म्हणून बशीवर नुसता केशरी पट्टा ठेवला. महागुरू बार्नाबेंनी शपथ वाचली : "हे बंधो, तू व्होजलादच्या खरबुजाशी आमरण एकनिष्ठ राहशील काय?" जिवाणू गप्प राहिला. (झोपेप्रमाणेच मौनही अनुकूल धरतात.) मग सरपंचांनी पट्टा सारखा करून ग्रामसभेचा नवा ठराव जाहीर केला : व्होजलादच्या हद्दीत जन्मलेल्या जिवाणूलाच हे नाव लावता येईल. पुलापलीकडे आढळणाऱ्यास 'व्होजलाद पद्धतीचा जिवाणू' असं म्हणावं, आणि तसं ठळक अक्षरात लिहावं. तसंच गावचा हा ठेवा नामशेष होऊ नये म्हणून प्रत्येक खरबूजवाल्याने किमान एक रांग सतत आजारी ठेवावी. हयगय करणाऱ्याचं नाव कचेरीबाहेर लावलं जाईल.

समारंभाला लागणारी खरबुजं स्पेनहून आली, कारण गावात त्या वर्षी खाण्याजोगं एकही नव्हतं. त्यांच्यावरचे कागदी शिक्के बार्नाबेंनी स्वतः बसून खरवडले. परीक्षणात त्यांना चारित्र्य कमी पडलं, पण पोटभर झाली.

पाहुण्यांसाठी मंडपात रांगा होत्या. पहिल्या रांगेत जिल्हाधिकारी, दुसरीत त्यांचे ड्रायव्हर आणि तिसरीत, खांबाच्या मागे, पेरोलाकचे सरपंच गोंत्रां साबातिये. जेवणाची घंटा व्हायच्या आधी डॉ. सोलांज यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उठल्या, गळ्यातलं भिंग सारखं केलं आणि म्हणाल्या, "नाव मिळालं, फार बरं झालं. पण मला खरं तर दुसरंच सांगायचंय. हा रोग घालवता येतो. अगदी सोपं आहे, खर्चही नाही. पेरणीच्या आधी बी घ्यायचं आणि ते–"

सरपंच ध्वनिक्षेपकाशी पोचले होते. त्यांनी बाईंच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "आजच्या दिवशी तरी त्याच्याबद्दल वाईट बोलू नका."

मंडप टाळ्यांनी दणाणला. बॅन्ड सुरू झाला. झुल्मादेखील टाळ्या वाजवत होती. बाई बसल्या. बी घेऊन पुढे काय करायचं, ते त्या जिल्ह्यात अद्याप कुणालाही कळलेलं नाही.

सुज्ञ वाचक आतापर्यंत व्होजलादकरांना मनसोक्त हसले असतील, आणि हसावंच. फक्त एक गोष्ट प्रामाणिकपणे आठवून पाहावी. बाईंचं वाक्य अर्ध्यात तुटलं, तेव्हा तुम्हाला त्या बियांचं पुढे काय करायचं हे जाणून घ्यायचं होतं, की खांबामागे बसलेल्या गोंत्रांचं तोंड कसं झालं होतं, ते?

(पडलं होतं. अगदी पाहण्यासारखं.)